पाच हजार चारशे पंचावन्न

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला येऊन चार दिवस झाले तरी बाबांची झोप भारतातच होती. पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरातला दिवा लागलेला. टेबलावर आमचा जुना रोड अ‍ॅटलास, त्यात नेब्रास्काचं पान उघडलेलं, आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून त्यावर ओणवे.

"अगं, हा वरचा एवढा मोठा चौकोन रिकामा कसा? छापायला गावं विसरले की काय?"

त्यांचं बोट चेरी काउंटीवर, म्हणजे इथल्या एका जिल्ह्यावर होतं. मी फोनवर बघून सांगितलं, क्षेत्रफळ ६,००९ चौरस मैल. त्यांनी कॅल्क्युलेटर मागितला, चौरस किलोमीटर काढले. १५,५६३. मग थोडा वेळ गप्प बसले.

"पुणे जिल्हा १५,६४३ आहे," ते म्हणाले.

हे आकडे बाबांना पाठ असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढला, त्यातली अठरा वर्षं वेल्ह्याच्या डोंगरात. १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणनांना ते प्रगणक होते. शिक्षकांच्या गळ्यात पडणाऱ्या कामांबद्दल त्यांचे सहकारी बोटं मोडायचे. बाबाही मोडायचे, पण शिरगणतीला सोडून. ते काम त्यांना मनापासून आवडायचं.

"आणि माणसं?"

"२०२०च्या जनगणनेत ५,४५५."

"हजारात आहे ना हा आकडा? म्हणजे पुढे तीन शून्यं?"

शून्यं नव्हती. २०११ साली पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं होती. सगळ्यात विरळ वस्तीचा म्हणून ओळखला जाणारा त्यांचा वेल्हे तालुका, त्यातही चौपन्न हजार. बाबांनी पुन्हा चष्मा लावला, पुन्हा नकाशा बघितला, आणि पोरांना सहलीला न्यायचं ठरवताना ज्या आवाजात बोलत तसं म्हणाले, "जाऊन यायचं का?"

तर अशा रीतीने जुलै २०२३ मध्ये, सगळं जग नायगारा आणि ग्रँड कॅनियन दाखवत असताना, मी माझ्या त्र्याहत्तर वर्षांच्या वडिलांना एक रिकामा चौकोन दाखवायला निघाले. आई आली नाही. "काही नाही ते बघायला पाच तास गाडीत कोण बसणार," असं म्हणून ती नातवापाशी राहिली.

ओमाहापासून व्हॅलेंटाईन तीनशे मैल. व्हॅलेंटाईन हे चेरी काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडचं जिल्ह्याचं गाव म्हणा. कोर्ट, शेरीफ, दवाखाना, सगळं तिथंच. लोकवस्ती २,६३३. म्हणजे अख्ख्या काउंटीतली जवळजवळ निम्मी माणसं या एका गावात, आणि उरलेली अठ्ठावीसशे बाकीच्या पुणे जिल्ह्याएवढ्या जागेत. नावामुळे लोकांना वाटतं काहीतरी प्रेमकथा असेल. तसं काही नाही, एडवर्ड व्हॅलेंटाईन नावाचा इथला खासदार होता. गावाने मात्र संधी सोडलेली नाही. रस्त्यांच्या पाट्यांवर लाल बदाम आहेत, आणि फेब्रुवारीत देशभरातून लोक आपली प्रेमपत्रं इथल्या पोस्टात पाठवतात, खास शिक्का मारून पुढे जावीत म्हणून. चेरी नावातही फळ नाही. सॅम्युएल चेरी नावाचा इथल्या लष्करी छावणीतला तरुण लेफ्टनंट १८८१ साली मारला गेला. दोन वर्षांनी काउंटी झाली, तिला त्याचं नाव मिळालं. रेल्वेही त्याच साली, १८८३ला व्हॅलेंटाईनला पोचली. आता ती रेल्वे नाही. रूळ उखडून तिथं सायकलींचा रस्ता केलाय.

बाबांना यातलं काहीच फार भावलं नाही. त्यांना भावली ती नंबरप्लेट. नेब्रास्कात काउंट्यांना नंबर आहेत. १९२२ साली कुठल्या काउंटीत किती गाड्या आहेत त्या क्रमाने ते लावले, आणि अजून बहुतेक काउंट्यांच्या प्लेटवर पहिला आकडा तोच असतो. चेरीचा ६६. "म्हणजे आपलं एमएच-१२," बाबा खूश. पुढचे तीन दिवस समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचं गाव ओळखणं हा त्यांचा खेळ झाला. खेळायला गाड्याच नव्हत्या, ही गोष्ट वेगळी.

व्हॅलेंटाईनच्या दक्षिणेला हायवे ८३ने निघालो आणि सँडहिल्स सुरू झाल्या. वाळूच्या टेकड्या म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर राजस्थान होतं. इथे वाळू दिसतच नाही. सगळीकडे गवत. टेकडीमागे टेकडी, वर-खाली, वर-खाली, आणि त्या सगळ्यांवर एकच हिरवट-पिवळी कातडी ताणून बसवलेली. त्या कातडीखाली नुसती वाळू आहे, काही टेकड्या चारशे फुटांपर्यंत उंच. पश्चिम गोलार्धातला हा सगळ्यात मोठा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश, साधारण १९ हजार चौरस मैल, त्यातला मोठा तुकडा चेरीत. भूगोलवाले सांगतात की हजारएक वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात हे गवत मेलं होतं आणि टेकड्या सरकू लागल्या होत्या. मग पाऊस परतला, गवत परतलं, टेकड्या जागच्या जागी थांबल्या.

एका टेकडीच्या कुशीत बाबांनी गाडी थांबवायला लावली. गवत फाटून आत पांढरी वाळू उघडी पडली होती, घराएवढा खड्डा, आणि त्यात जुने टायर टाकलेले. पन्नासेक तरी असतील. बाबांना वाटलं कचराकुंडी. अशा खड्ड्याला इथे ब्लोआउट म्हणतात. गुरांच्या पायवाटेने एखाद्या जागचं गवत गेलं की वारा वाळू उचलतो, भोक वाढत जातं. टायर टाकले की वाऱ्याचा जोर मोडतो आणि कडेने गवताला धरायला जागा मिळते. बाबांनी खाली वाकून कडेचं एक रोप बघितलं. मुळी वाळूत हातभर उघडी लोंबत होती. "एवढ्याशा धाग्यावर टांगलंय सगळं," ते म्हणाले, आणि आम्ही जिथे उभे होतो तिथून दोन पावलं मागे सरकले.

पाण्याचं गणित त्याहून गमतीचं. इथं पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्याएवढा. पण जागोजाग तळी. पडलेला थेंब वाहून जात नाही, वाळूत मुरतो, आणि खाली ओगलाला नावाचा भूजलसाठा आहे, त्यात जमा होतो. दोन टेकड्यांमधली जमीन खोल असली की हे पाणीच तळं होऊन वर येतं. नद्याही पुराने फुगत नाहीत की उन्हाळ्यात आटत नाहीत. वेल्ह्यात कोकणाला लाजवेल एवढा पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये हंडे घेऊन बाया डोंगर उतरतात, हे बाबांनी अठरा वर्षं बघितलेलं. "आपला कातळ पाणी हाकलून लावतो," ते म्हणाले. पुढे एका पवनचक्कीपाशी उतरलो. लोखंडी पंखा, खडाक-खडाक आवाज, आणि बोटभर नळीतून गोल पत्र्याच्या टाकीत पडणारी धार. गुरांसाठीची. बाबांनी ओंजळ धरली. जुलैचं ऊन आणि पाणी दात ठणकवणारं.

आता खरा प्रश्न, जो बाबांनी पहिल्याच संध्याकाळी विचारला. पाणी आहे, गवत आहे, जमीन मोफत वाटली होती म्हणतेस, मग माणसं का नाहीत?

जमीन वाटली होती हे खरं. आधीचा कायदा १६० एकरांचा होता, तो इथे कुचकामी ठरला, कारण नांगर घातला की वाळू उडते. आधी मोठमोठ्या गुरंवाल्यांनी सरकारी कुरणांनाच बेकायदा कुंपणं घातली. थिओडोर रुझवेल्टच्या सरकारने ती काढायला लावली, खटले भरले. मग १९०४ साली मोझेस किंकेड या खासदाराने कायदा करून घेतला: पश्चिम नेब्रास्कात प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर. पाच वर्षं राहा, जमीन तुमची. ६४० एकर म्हणजे बरोबर एक चौरस मैल. ऐकायला संस्थान वाटतं. लोक तसेच धावत आले. १९०० साली चेरीत साडेसहा हजार माणसं होती, १९१०ला दहा हजारांवर गेली, १९२०ला ११,७५३. मग मात्र उतार लागला तो अजून थांबलेला नाही.

कारण हिशेब गवताने केला होता, वॉशिंग्टनने नाही. एक गाय वर्षभर पोसायची तर इथे दहा-पंधरा, कधी वीस एकर लागतात. म्हणजे एका चौरस मैलावर चाळीसेक गाई, तेही चांगल्या वर्षी. चाळीस गाईंवर पाच पोरांचं घर चालत नाही. एकाने शेजाऱ्याला विकलं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला, आणि चौरस मैलांचे तुकडे पुन्हा सांधले जाऊन दहा-दहा, वीस-वीस हजार एकरांच्या रँच झाल्या. वाटणी होत होत गुंठ्यावर येणं आपल्याला माहीत आहे. इथं कागद उलट्या दिशेने फिरला.

व्हॅलेंटाईनच्या मोटेलमध्ये रात्री मी त्यांना आणखी एक आकडा दाखवला. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकन सरकारने जाहीर केलं की सरहद्द, म्हणजे वस्ती आणि रान यांच्यामधली रेघ, आता नकाशावर काढता येत नाही. देश भरला. वस्ती कशाला म्हणायचं, तर चौरस मैलाला किमान दोन माणसं. चेरी काउंटीत आज चौरस मैलाला एकही पूर्ण माणूस येत नाही. बाबांनी मोटेलच्या पॅडवर भागाकार केला, मग १९२०चाही केला. जमीन ५,९६० चौरस मैल, गुणिले दोन, ११,९२०. माणसं ११,७५३.

"भर बहरात असतानासुद्धा दीडशे-पावणेदोनशे कमी पडली गं," ते म्हणाले. एखाद्या पोराचा पहिला वर्ग दोन मार्कांनी हुकल्यासारखे. चेरी काउंटी सरकारी व्याख्येप्रमाणे कधी वसलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ब्राउनलीकडे जाताना हायवे ८३वर एक फलक लागला, तिथे मात्र बराच वेळ गेला. त्यावरचं नाव डेविटी, एका उठून गेलेल्या वस्तीचं. किंकेड कायद्याखाली १९०७पासून नॉर्थ लूप नदीकाठी काळ्या कुटुंबांनी इथे जमिनी घेतल्या. नेब्रास्कातली काळ्या होमस्टेडरांची, म्हणजे सरकारने वाटलेल्या जमिनीवर वसलेल्यांची, ही सगळ्यात मोठी वसाहत. गुलामगिरीतून निसटून कॅनडात गेलेल्यांची मुलं-नातवंडं त्यांत होती, तिथून परत येऊन त्यांनी इथे मातीच्या ढेकळांची घरं बांधली. शाळा, चर्च, पोस्ट, बेसबॉलचा संघ, सगळं होतं. पुढे गावाचं नाव बदलून ऑडेशस ठेवलं, म्हणजे धाडसी. १९३०च्या दशकापर्यंत सगळे गेले. गवताने काळ्या-गोऱ्यांत भेद केला नाही, ६४० एकर दोघांनाही सारखेच अपुरे पडले. पण काळ्या माणसाला लागून असलेली जमीन घेऊन मोठं होण्याएवढं कर्ज कोण देणार होतं, हा प्रश्न फलकावर नाही, तो माझा. आज तिथे एक फलक आणि वारा आहे. बाबांनी फलक पूर्ण वाचला, कडेला जाऊन मागे काही लिहिलंय का तेही बघितलं.

ब्राउनलीच्या पुढे एकपदरी डांबर. आपल्या घाटातल्या जुन्या रस्त्यांसारखंच, समोरून कोणी आलं तर दोघांनी एकेक चाक गवतात घालायचं. मध्येच रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी येते, तिला इथे ऑटोगेट म्हणतात. गाडी खडखडत पार होते, गुरं पाय घालत नाहीत, फाटक उघडायला उतरावं लागत नाही. आणि समोरचा माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात नाही, हसू नाही, फक्त तर्जनी. ओळख असो-नसो. पहिल्या वेळी बाबांना वाटलं तो आपल्याला काहीतरी बजावतोय.

कुंपणाचा खांब ठोकणाऱ्या एका म्हाताऱ्या रँचरशी बोलणं झालं. म्हातारा म्हणजे बाबांच्याच वयाचा. आम्ही रस्ता विचारायला थांबलो, बाबांनी ओळख करून दिली, मी भाषांतर करत होते. त्याला पाऊस विचारला, त्याने बोटांनी इंच दाखवले. गवताची कापणी चालू होती, मागच्या ओल्या कुरणात गोल गठ्ठे पडलेले दिसत होते. सगळं छान चाललं होतं. मग बाबांनी विचारलं, "याच्याकडे गाई किती?"

मी विचारायला नको होतं. इतकी वर्षं या राज्यात राहून मला ते कळायला हवं होतं. सँडहिल्समध्ये रँचरला गाई किती, एकर किती असं विचारत नाहीत. बँकेचं पासबुक दाखव म्हटल्यासारखं असतं ते. म्हाताऱ्याने टोपी मागे सारली, टेकडीकडे बघितलं आणि म्हणाला, "हातांना काम पुरेल एवढ्या."

मी भाषांतर केलं, कान गरम झालेले. बाबा मात्र ओशाळले नाहीत, उलट त्यांचा चेहरा उजळला.

"धनगर!" ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. १९९१चा फेब्रुवारी. तोरण्याच्या मागे एका धनगरवाड्यावर तीन घरं होती. तीन तास चढून गेले तर दोन घरांना कुडाचा झोपा लावलेला, माणसं जनावरं घेऊन खाली गेलेली. परत उतरले, चार दिवसांनी परत चढले. तिसऱ्या घरात म्हातारी होती. तिने माणसं सांगितली, नावं सांगितली, वयं अंदाजाने सांगितली. फॉर्ममध्ये नसताना बाबांनी सहज विचारलं, जनावरं किती? म्हातारी म्हणाली, "हायेत की, पोटापुरती." मोजली की दृष्ट लागते. आणि मग ती म्हणाली, "माणसं मोजा गुरुजी, ती कुनाची बी मोजा. ती काय आमची न्हाईत."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. लहानपणी बाबा जनगणनेवरून यायचे तेव्हा पायाला चिखल आणि पिशवीत कोरे फॉर्म एवढंच मला दिसायचं.

चेरीत मांसासाठी पाळलेल्या गाई दीड लाखाहून जास्त आहेत, देशात पहिला नंबर. हे सरकारी खात्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे. माणशी सत्तावीस-तीस गाई पडतात. पण त्यातल्या त्या म्हाताऱ्याच्या किती, हे त्यानं सांगितलं नाही, आणि बाबांनी पुढे तो विषय काढला नाही. तिथून पुढे त्यांचं "रिकामं, रिकामं" म्हणणंही थांबलं. एकदा मीच म्हणाले, किती रिकामं आहे ना, तर म्हणाले, "रिकामं कुठे? गवत भरलंय. जागा नाही आणखी कुणाला."

पश्चिमेकडे कोडीला जाताना वेळ बदलली. या एका काउंटीत घड्याळाच्या दोन वेळा आहेत, पूर्वेला सेंट्रल, पश्चिमेला माउंटन. माझा फोन गपचूप एक तास मागे गेला. बाबांनी आपल्या एचएमटीला हात लावायला नकार दिला. "कलेक्टर एक, तर वेळ एक," असं त्यांचं म्हणणं. कलेक्टर इथे नसतो, निवडून आलेले कमिशनर असतात, हे सांगूनही उपयोग झाला नाही.

कोडीत माणसं दीडशेच्या आसपास. किराणा दुकान बंद पडलं होतं आणि मीठ आणायचं तरी जवळजवळ चाळीस मैलांवर व्हॅलेंटाईनला जावं लागायचं. मग शाळेतल्या मुलांनीच दुकान काढलं. पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती रचून, वर गिलावा करून इमारत उभी केली, २०१३ला ते सुरू झालं. बाबा आत शिरले ते इन्स्पेक्शनला आलेल्या केंद्रप्रमुखासारखे. भिंतीवर टिचकी मारून बघितली. केळी घेतली, बिस्किटं घेतली. हिशेब करणाऱ्या मुलीने सुट्टे पैसे मोजून दिले तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलवली. पोरीला काही कळलं नसेल. वीसच्या आतला पट असलेल्या शाळा बंद करायच्या, या बातमीने आमच्या घरी किती जेवणं कडू झाली आहेत ते तिला कुठून माहीत असणार. वेल्ह्यातल्या त्यांच्या शेवटच्या शाळेचा पट अकरा होता.

नायोब्रारा नदी, तिथला स्मिथ फॉल्स हा धबधबा, बायसनांचं अभयारण्य, हे सगळंही आम्ही बघितलं. छान आहे. त्याचे फोटो आईला दाखवले, ती म्हणाली, म्हणजे होतं की काहीतरी.

शेवटची रात्र मेरिट जलाशयाजवळ. तिथलं आकाश जपलेलं आहे, दिवे लावायलाच बंदीसारखं, दरवर्षी उन्हाळ्यात हौशी खगोलवाले तिथे जमतात. आकाशगंगा एवढी दाट की ओळखीची नक्षत्रं सापडेनात. बाबांनी थोडा वेळ वर बघितलं आणि मग पाठ फिरवून जमिनीकडे बघत राहिले. मी विचारलं काय शोधताय. म्हणाले, दिवे. जनगणनेत शेवटच्या रात्री, २८ फेब्रुवारीला, बेघर माणसं मोजायची असतात. पुलाखाली, पारावर, पालात. कंदील घेऊन निघायचं आणि अंधारात कुठं चूल दिसते ते बघत जायचं. त्यांना इथे एक दिवा दिसला, लांब. मग तो हलला. पिकअप होता कुणाचा तरी, टेकडीमागे गेला.

परतताना मी चालवत होते, बाबा शेजारी. व्हॅलेंटाईन सोडल्यावर हायवे २०वर समोरून ट्रक आला, त्याच्या प्लेटवर ६६. बाबांनी मांडीवरून तर्जनी उचलली. ट्रकवाल्याने स्टिअरिंगवरून उचलली. पुढची प्लेट वेगळ्या आकड्याची, तरी बाबांनी उचलली, समोरूनही आली. एन्सवर्थपर्यंत असं चाललं. ओनीलला, त्या किंकेडच्या गावात, सिग्नल लागला, गाड्या वाढल्या. बाबांनी दोन-तीनदा बोट वर केलं, कुणी बघितलं नाही. मग त्यांनी तो हात डॅशबोर्डवर ठेवला आणि विचारलं, "ओमाहात किती आहेत म्हणालीस?"

"शहरात पाच लाखांच्या जवळपास."

"बाप रे," ते म्हणाले, आणि घड्याळ कानाशी धरून चालू आहे का ते बघितलं.